लांडग्याची हमी देऊ नका, माळ दाखवा

पुण्यातल्या वन्यजीव छायाचित्रकारांना, माळरानाच्या सफारी काढणाऱ्या आयोजकांना आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या सगळ्या हौशी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली, माळावरचं गवत पिवळं पडलं आणि कुसळं पायमोज्यांत घुसायला लागली, की पुण्यातून सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, बारामती, इंदापूरच्या बाजूला गाड्या निघायला लागतात. त्या दिवसांच्या तोंडावर मी हे पत्र लिहिते आहे, कारण लांडग्याच्या मादीचेही हेच दिवस असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास जोड्या जमतात, ६२-६३ दिवसांनी पिल्लं होतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, तुमचा हंगाम ऐन भरात असताना, ती ओढ्याच्या दरडीतल्या एखाद्या बिळात बाळंत झालेली असते. माझं मागणं एवढंच आहे, की गिऱ्हाइकांना लांडग्याच्या दर्शनाची हमी देणं बंद करा. ते का, हे सविस्तर सांगते.

आधी तुमचं श्रेय तुम्हाला देते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात कुणाला सांगितलं, की हडपसरहून दिवे घाट चढून तासाभरात लांडग्याच्या मुलखात जाता येतं, तर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नसे. जंगल म्हणजे ताडोबा, नाहीतर भीमाशंकर. सासवड-सुप्याचा माळ म्हणजे पुढच्या गावाला जाताना खिडकीतून दिसणारं ओसाड रान. ती समजूत तुमच्या फोटोंनी बदलली. धुक्यातून येणारा लांडगा, उन्हात कान टवकारून उभी असलेली चिंकारा, पाझर तलावावर उतरणारे पखुर्डी पक्षी, हे सगळं आपल्या जिल्ह्यात आहे हे शहराला तुम्ही दाखवलंत. वृत्तपत्रांनी दखल घेतली, शाळांमधून कार्यक्रम झाले, वनविभागानेही माळाकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली. ही कामगिरी लहान नाही.

पण त्याच फोटोंच्या मागे आता जी गर्दी लागली आहे, ती माळाला पेलवणारी नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी रस्त्याच्या कडेला उभी राहून जे पाहिलं ते सांगते. जागेचं नाव लिहीत नाही, आणि ते का लिहीत नाही हे तुम्हाला कळेल. सूर्य नुकताच वर आला होता. ओढ्याच्या काठाने एक मादी खाली मान घालून चालली होती. पोट लोंबलेलं, सड दिसत होते, म्हणजे अंगावर पिणारी पिल्लं होती. रात्रभर भटकून ती बिळाकडे परतत होती. डांबरी रस्त्यावरच्या चार-पाच गाड्यांपैकी पहिली माळात उतरली, मग दुसरी, मग सगळ्याच. एक गाडी तिच्या पुढे जाऊन आडवी उभी राहिली, कारण समोरून फोटो हवा होता. ती थांबली, वळली, ओढा ओलांडून पलीकडे गेली. पलीकडच्या अंगाने दुसरी गाडी आली. ती पुन्हा वळली. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी ओरडलं नाही, सगळे अगदी शिस्तीत, खिडकीतून लेन्स काढून बसले होते. असं पाऊण तास चाललं. शेवटी ती शेजारच्या उसात शिरली आणि मी तिथे होते तोवर बाहेर आली नाही. पिल्लं बिळात उपाशी होती आणि आई उसात अडकली होती. त्या सकाळचे फोटो सुंदरच आले असणार.

त्या गाड्यांतली माणसं वाईट होती असं मला वाटत नाही. त्यातल्या बहुतेकांना लांडगा मनापासून आवडत असणार. म्हणूनच हे त्यांना सांगून उपयोग होईल असं वाटतं.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली शिकारीची व्याख्या तुमच्यापैकी किती जणांनी वाचली आहे? बंदूक चालवणं, फासा लावणं एवढंच त्यात नाही. वन्य प्राण्याला हाकणं, आमिष लावणं हेही त्यात शिकार म्हणूनच धरलं आहे. पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही त्यात येतं. लांडगा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. गाडी आडवी घालून त्याला वळवणं किंवा कोंबडीचे अवशेष टाकून त्याला ठरावीक जागी यायची सवय लावणं हे कायद्याच्या भाषेत काय ठरतं, याचा विचार करा. परवाना घेऊन जावं लागणाऱ्या व्याघ्रप्रकल्पात असं करायची कुणाची हिंमत होत नाही. माळावर होते, कारण तिथे फाटक नाही आणि पावती फाडणारा माणूस नाही.

संख्येचंही भान असू द्या. २०२२ च्या गणनेत देशात वाघ ३,६८२ निघाले. लांडग्यांचा शास्त्रशुद्ध अंदाज ३,१०० च्या आसपासचा आहे. वाघापेक्षा लांडगा कमी आहे, आणि वाघाला जशी राखीव जंगलं आहेत तशी लांडग्याला जवळजवळ नाहीत. आपल्या जिल्ह्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली झालेलं. त्याचं क्षेत्रफळ ५ चौरस किलोमीटरपेक्षा थोडंसंच जास्त. लांडग्याचा एक कळप एका रात्रीत त्याच्या कितीतरी बाहेर जाऊन येतो. म्हणजे आपल्याकडचा लांडगा राहतो तो गायरानात, वनविभागाच्या तुकड्यांत, शेताच्या बांधांवर, पोल्ट्रीच्या मागच्या बाजूला. दिवसा माणसाला चुकवून झुडपात नाहीतर उसात पडून राहतो आणि अंधार पडला की बाहेर पडतो. माणसाच्या एवढ्या जवळ जगायचं तर त्याला दिवसातले काही तास तरी निवांत मिळायला हवेत. नेमके तेच तास आपण त्याच्याकडून काढून घेतो आहोत.

बिळाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण खरी हानी तिथेच होते. पिल्लं जन्मतात तेव्हा आंधळी असतात. डोळे उघडायला दोन आठवडे लागतात. पहिले काही दिवस मादी बीळ जवळजवळ सोडत नाही. नर आणि कळपातले बाकीचे लांडगे बाहेरून खाऊन येतात आणि तिच्यासाठी ओकतात. पुढे पिल्लांनाही तसंच भरवतात. म्हणजे एका बिळावर अख्खं कुटुंब राबत असतं आणि प्रत्येकाला दिवसातून कितीदातरी तिथे ये-जा करावी लागते. बिळासमोर शंभर मीटरवर गाडी तासभर उभी राहिली, की ती ये-जा थांबते. दोन-तीन दिवस लागोपाठ असं झालं, की मादी जागा बदलते. एकेक पिल्लू तोंडात धरून नव्या बिळात नेते. नवी जागा तितकी चांगली असेलच असं नाही. ती वस्तीच्या जवळ असू शकते, रस्त्याच्या पलीकडे असू शकते, जिथे मोकाट कुत्री फिरतात तिथे असू शकते.

कुत्र्यांचा विषय आला म्हणून तोही इथेच सांगते. पुणे जिल्ह्याच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कॅनाइन डिस्टेंपरसारखे कुत्र्यांचे आजार लांडग्यांनाही होतात आणि त्यांच्यावर लस टोचायला कुणी जात नाही. मोकाट कुत्री माळावर कशाने टिकतात? पोल्ट्रीचा कचरा, ढाब्यांचं खरकटं, आणि सकाळच्या सफारीनंतर झाडाखाली नाश्ता करून आपण मागे ठेवलेल्या पोह्यांच्या प्लेटा आणि बिर्याणीची हाडं. लांडगा बघायला जायचं आणि येताना त्याच्या शत्रूला जेवायला घालून यायचं, हे आता थांबायला हवं.

लांडगा मोठा आहे, निदान दिसतो तरी. गाडी रस्ता सोडून माळात उतरते तेव्हा जे चिरडलं जातं ते बहुतेक वेळा कुणाला दिसतच नाही. माळटिटवीचं घरटं तुम्ही जवळून पाहिलं आहे का? घरटं म्हणावं असं काही नसतंच. मुरमाड जमिनीत तळहाताएवढा खळगा, भोवती मांडल्यासारखे खडे आणि शेळ्या-मेंढ्यांच्या सुक्या लेंड्या, आणि मध्ये बहुधा चार अंडी, मातकट रंगाची, काळपट ठिपक्यांची, टोकं आत वळलेली. पाच पावलांवरून बघणाऱ्यालाही ती खड्यांतून वेगळी काढता येत नाहीत. उन्हाळ्यात जमीन तापते तेव्हा पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंडी थंड करतो. २७ ते ३० दिवस असं चालतं. एकदा मी अशा घरट्याच्या शेजारी टायरचा ताजा ठसा पाहिला. खळग्याची एक कड दबली होती, दोन अंडी शिल्लक होती आणि टिटवी त्या दोघांवर येऊन बसली होती. धाविक, पखुर्डी, चंडोल, ही सगळी मंडळी जमिनीवरच अंडी घालतात. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. म्हणजे माळावर ‘मोकळी जागा’ नावाची गोष्ट नाही. तुमच्या ड्रायव्हरला जे रिकामं रान दिसतं ते कुणाचं तरी घर असतं, आणि तिथे एकदा चाकोरी पडली की पुढची गाडी त्याच चाकोरीने येते, पाऊस आला की तिचा ओघळ होतो आणि माती वाहून जाते. माळावरची माती वीतभरसुद्धा नसते. ती गेली की गवत परत येत नाही.

आता हाच मुद्दा थोडा मोठा करते. लांडग्याला वाचवायचं म्हणजे माळ वाचवायचा, आणि माळावर आज चहूबाजूंनी संकट आहे. सातबाऱ्यावर तो पोटखराबा, सरकारी नकाशात तो पडीक. पडीक म्हटलं, की प्रत्येकाला तिथे काहीतरी करायचं सुचतं. पुरंदरच्या सात गावांची जमीन विमानतळासाठी, मग त्याच्या आशेने आसपासचं प्लॉटिंग, रिंगरोड, गोदामं, सौर प्रकल्प. या प्रत्येकाची गरज असेल, त्या वादात मी इथे शिरत नाही. पण ‘तिथे काहीच नव्हतं’ हे जे दरवेळी म्हटलं जातं, ते खोटं आहे हे सांगणारे साक्षीदार कोण? तुम्हीच. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये पुरावे आहेत: अमुक माळावर चिंकारा होती, अमुक ओढ्यात तरसाचं बीळ होतं, अमुक तळ्यावर हिवाळ्यात इतके पक्षी उतरत. हे फोटो तारखेसह, जागेसह वनविभागाला आणि अभ्यासकांना द्या. समाजमाध्यमावर जागा लपवा आणि अभ्यासकाला ती नेमकी सांगा. सध्या बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चाललं आहे.

पडीक या समजुतीचा सगळ्यात भाबडा आणि तरीही फार नुकसान करणारा प्रकार म्हणजे पावसाळ्यातलं वृक्षारोपण. शहरातल्या कंपन्या रविवारी बसने माणसं आणतात, गवत खरवडून खड्डे घेतात, गिरिपुष्पाची नाहीतर सुबाभळीची रोपं लावतात, फोटो काढतात. त्याआधी जेसीबीने चर मारलेले असतात. आपल्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसात नैसर्गिकपणे जे उगवतं ते म्हणजे पवना, मारवेल, कुसळी यांसारखी गवतं आणि अधूनमधून एखादी हिवर, बोर किंवा बाभूळ. ते तोडलेलं जंगल नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जुन्या मराठी ओव्या, कथा, चरित्रं यांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले आणि पश्चिम महाराष्ट्रातली ही विरळ झाडांची गवताळ भूमी निदान ७५० वर्षं तरी अशीच आहे हे दाखवून दिलं. आपल्या संतांनी ज्या रानातून पायपीट केली ते हेच रान. तुमच्या ओळखीचं कुणी अशा कंपनीत असेल तर त्यांना कृपा करून सांगा, की झाडं शहरात लावा, माळाला माळ राहू द्या.

माळ हातचा गेला की काय होतं हे बघायला लांब जायला नको. शेजारच्या सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतला माळ १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झाला. सलीम अलींनी ज्याला राष्ट्रीय पक्षी करावं असं सुचवलं होतं, तो हा पक्षी. आज देशात मोकळ्यावर तो १५० च्या आसपास उरला आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. त्या अभयारण्यातल्या नान्नजला माळढोक दिसला तर आता त्याची बातमी होते. अभयारण्य कागदावर होतं म्हणून पक्षी टिकला नाही. भोवतालचा माळ नांगरला गेला, तुकडे झाले आणि त्याला राहायला जागा उरली नाही. लांडग्याच्या बाबतीत आपण अजून त्या टोकाला पोचलेलो नाही. अजून वेळ आहे, आणि त्या वेळात पर्यटनाने कोणत्या बाजूला उभं राहायचं ते तुम्ही ठरवणार आहात.

कारण नीट केलेलं पर्यटन माळाच्या बाजूने फार मोठं काम करू शकतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. गावाला गायरानातून उत्पन्न मिळत असेल तर ग्रामपंचायत ते गायरान कुणाला देताना दहादा विचार करील. आज त्या उत्पन्नातलं गावात काय राहतं? गाडी पुण्याची, गाइड पुण्याचा, नाश्ता पुण्याहून बांधून आणलेला, पैसे ऑनलाइन पुण्याच्या खात्यात. गावाच्या वाट्याला धुरळा, आणि तुडवलेली ज्वारी.

आणि धनगरांच्या वाट्याला? लांडगा आपल्याकडे टिकला आहे तो त्यांच्यामुळे, हे आधी मान्य करू या. हरणं आणि ससे सगळ्या कळपांना पुरत नाहीत. लांडगा मोठ्या प्रमाणावर शेळ्या-मेंढ्यांवर जगतो. प्रत्येक मेंढरू म्हणजे कुणाच्या तरी पोराच्या शाळेची फी असते. वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण लावून, कुत्री राखून, रात्र रात्र जागून ही माणसं कळप सांभाळतात आणि तरीही कोकरू जातं. लांडग्याने मारलेल्या जनावराची भरपाई सरकार देतं, पण त्यासाठी वेळेत कळवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो, पशुवैद्यकाचा दाखला लागतो. वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, तर दोन दिवसांत घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या मुक्कामाला निघालेला असतो. कागद पुरा करायला मागे कोण थांबणार? एवढं सोसून ते बहुधा लांडग्यावर विष घालत नाहीत. उद्या त्यांनी पाहिलं, की त्यांच्या मेंढरावर पोसलेल्या लांडग्याचे फोटो दाखवून दुसरा कुणी हजारो रुपये कमावतो आहे, आणि वर मेंढरं हटवा, फ्रेममध्ये येतात, असं सांगतो आहे, तर त्यांचा तो संयम कुठवर टिकावा? फ्रेममधून मेंढरं हटवायला सांगणं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ती मेंढरं नसती तर त्या फ्रेममध्ये लांडगाही नसता.

म्हणून वाटाड्या गावातला घ्या, शक्यतो धनगराचा मुलगा किंवा मुलगी. त्यांना माळ तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. जेवण गावात करा, पिठलं-भाकरी कुणीही आनंदाने करून देईल आणि तुमच्या पाहुण्यांनाही ती आवडेल. तुमच्या फीमधला एक ठरलेला वाटा गावात उघडपणे द्या. त्यातून एखाद्या वाड्याला मेंढराची भरपाई मिळेपर्यंत हातउसने पैसे देता आले, किंवा त्यांच्या कुत्र्यांचं लसीकरण करता आलं, तर लांडग्याचं जेवढं भलं होईल तेवढं शंभर प्रदर्शनांनी होणार नाही.

वाट दाखवणारी ठिकाणं आहेत. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे: नोंदणी करून जायचं, आखलेल्या रस्त्यावरून जायचं, बरोबर स्थानिक मार्गदर्शक घ्यायचा. कासच्या पठारावर फुलं तुडवणारी गर्दी आवरायला ऑनलाइन नोंदणी आणि संख्येची मर्यादा आली, आजूबाजूच्या गावांच्या समित्या व्यवस्थेत आल्या, तेव्हा तिथेही आधी कुरकुर झाली होती. दुसऱ्या बाजूला काजव्यांचं काय केलं ते आठवा. मे-जूनमध्ये झाडं लुकलुकायला लागली, की भंडारदऱ्यापासून राजमाचीपर्यंत रात्री गाड्यांची रांग लागते, हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, फ्लॅश. काजवा प्रकाशाच्या खुणेने जोडीदार शोधतो आणि त्याच आठ-पंधरा रात्री आपण तिथे उजेड घेऊन जातो. माळावर तेच पुन्हा घडायला नको. वनविभागाला माझी विनंती आहे, की कडबनवाडी-शिर्सुफळमध्ये जी शिस्त आहे ती सासवड-जेजुरी-सुप्याच्या बाजूच्या वनजमिनींवरही आणावी, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी बिळं असलेल्या ओढ्यांजवळ खासगी गाड्यांना पूर्ण मज्जाव करावा.

पण तो आदेश निघेपर्यंत थांबायची तुम्हाला गरज नाही. पोस्टरवरचं ‘लांडग्याचं हमखास दर्शन’ हे या आठवड्यात काढून टाकता येईल. हमी दिली, की ड्रायव्हरवर दडपण येतं, तो रस्ता सोडतो, दुसऱ्या ड्रायव्हरला फोन करतो, लोकेशन मागतो, आणि मग एका मादीभोवती पाच गाड्या होतात. पुढचं सगळं त्या एका शब्दातून सुरू होतं. बिळाची जागा माहीत असेल तर ती ग्रुपवर टाकू नका, जवळच्या मित्रालाही सांगू नका. फोटो टाकताना तालुक्याच्या पुढचा ठावठिकाणा नको, आणि फोटोच्या फाइलमध्ये दडलेली जीपीएसची नोंद पुसून टाका. पिल्लांचे फोटो त्या हंगामात तर मुळीच नकोत. रात्री झोतदिवे घेऊन तरस शोधायला जाणं, ड्रोन उडवणं, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं, गळ्याखाली निळा-केशरी पंखा फुलवणाऱ्या सरड्याला उचलून चांगल्या दगडावर ठेवणं, हे सगळं तुमच्यातल्याच जाणत्यांना खटकतं हे मला माहीत आहे. ते खाजगीत बोलतात, ग्रुपवर गप्प बसतात. त्यांनी आता बोलायला हवं. बाहेरच्या माणसाने सांगितलेलं लागतं. बरोबरीच्याने सांगितलेलं पटतं. आणि डोळ्यांदेखत पाठलाग किंवा आमिषाचा प्रकार दिसला तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, गाडीचा नंबर टिपून तिथे कळवा.

छायाचित्रांच्या स्पर्धा आणि प्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळांनाही एक सांगणं आहे. बालगंधर्व कलादालनात वर्षातून किती वन्यजीव प्रदर्शनं लागतात! बिळासमोरचे, घरट्यातल्या पिल्लांचे, आमिषावर टिपलेले फोटो स्वीकारणार नाही, असं प्रवेशपत्रिकेवरच छापा. बक्षीस मिळणार नाही म्हटलं, की निम्म्या गाड्या रस्त्यावरच थांबतील.

यावर एक रास्त प्रश्न मला नेहमी विचारला जातो. लांडगा दाखवलाच नाही तर लोकांना त्याच्याबद्दल आपुलकी वाटणार कशी, आणि पैसे देऊन येणारा माणूस येईल कशाला? लांडगा दाखवू नका असं मी म्हणत नाही. रस्त्यावरून दिसला, तर जरूर बघा, गाडी बंद करून, तो जाईल तिकडे त्याला जाऊ देऊन. असा दिसलेला लांडगा पाठलाग करून मिळवलेल्या लांडग्यापेक्षा जास्त वेळ थांबतो, हेही अनुभवाने सांगते. त्याला घाई नसते. आणि नाही दिसला तरी माळ रिकामा कधीच नसतो. पहाटे चंडोल आभाळात चढत जाऊन गातो, तो दिसेनासा झाल्यावरही गाणं वरून येत राहतं. संध्याकाळी भोवत्ये गवताच्या शेंड्यांवरून एवढ्या खालून जातात, की पंख गवताला लागतील असं वाटतं. पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी भरून पिल्लांना पाजायला नेतो, हे ऐकलं की लहान मुलं तळ्यावरून हलायला तयार होत नाहीत. गवतं ओळखायला शिकवा. धनगराच्या वाड्यावर, त्यांची परवानगी घेऊन, तासभर बसवा. लांडगा कसा येतो, कुत्री आधी कशी भुंकतात, कोणत्या रात्री जास्त जपावं लागतं, हे त्यांच्या तोंडून ऐकलेला पाहुणा घरी जाताना लांडग्याबद्दल जितकं घेऊन जाईल, तितकं त्याला लेन्समधून मिळायचं नाही. अशी सहल विकायला जास्त कष्ट पडतात, हे मान्य आहे. पोस्टरवर लिहायला आकर्षक एक शब्द मिळत नाही. पण अशा सहलीला माणूस पुन्हा येतो, पोरांना घेऊन येतो.

ज्या कुणा आयोजकाला या हंगामात हमीशिवायची माळाची सहल करून बघायची असेल, त्याच्याबरोबर मी शनिवार-रविवार विनामोबदला यायला तयार आहे. गवतं, चंडोल आणि शिकारी पक्षी ओळखायला पाहुण्यांना मदत करीन. वाटाड्या मात्र गावातलाच घ्या, आणि त्याचे पैसे सहल संपल्यावर लगेच, त्याच्या हातात द्या.

आपली,
एक पक्षीनिरीक्षक
हडपसर, पुणे